विनाकागद माणसे आणि आपत्ती : कॅलिफोर्नियाचा अनुभव

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सुमारे २० लाख माणसांजवळ त्या देशात राहण्याचा परवाना नाही. त्यांतली बहुसंख्य मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली आहेत. द्राक्षमळे, स्ट्रॉबेरीची शेते, बांधकामे, हॉटेलांची स्वयंपाकघरे आणि सधन वस्त्यांतल्या बागा त्यांच्या श्रमावर चालतात. हेच राज्य भूकंपांचे, वणव्यांचे आणि पुरांचेही आहे. आपत्तीची पूर्वतयारी करायची तर कोणत्या घरात किती माणसे राहतात, त्यांना कोणती भाषा समजते, त्यांच्याकडे वाहन आहे का, हे सरकारला ठाऊक असावे लागते. विनाकागद माणूस मात्र यातले काहीच सरकारच्या कानी जाऊ नये अशा बेताने राहतो. हा पेच आजचा नाही. जवळजवळ सव्वाशे वर्षे तो चालत आला आहे आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी जिवानिशी मोजली गेली आहे.

सुरुवात चिनी मजुरांपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सोन्याच्या खाणींसाठी आणि नंतर रेल्वेमार्गाच्या कामासाठी दक्षिण चीनमधून हजारो माणसे सॅन फ्रान्सिस्कोत उतरली. रेल्वेचे काम सरले तशी ती गोऱ्या मजुरांच्या डोळ्यांत सलू लागली आणि १८८२ साली अमेरिकी काँग्रेसने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. युरोपातून येणाऱ्याला त्या काळी जवळपास मुक्तद्वार होते, त्यामुळे चोरून येणे, खोट्या नावाने येणे, पकडले जाण्याच्या धास्तीत राहणे हे सारे प्रथम चिन्यांच्या वाट्याला आले. एक फट तेवढी उरली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी माणूस अमेरिकेचाच नागरिक, असा निकाल १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क याच्या खटल्यात दिला, आणि नागरिकाच्या मुलांना देशात येण्याचा हक्क होता.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा मोठा धक्का बसला. त्यानंतर लागलेल्या आगी तीन दिवस विझल्या नाहीत. लाकडी बांधणीचे चायनाटाउन पुरते भस्मसात झाले. तिथली माणसे निर्वासित झाली खरी, पण इतर निर्वासितांबरोबर त्यांना जागा मिळाली नाही. त्यांची छावणी वेगळी ठेवण्यात आली, आणि आसपासच्या घरमालकांनी तक्रार केली की ती उचलून दुसरीकडे न्यायची, असे एकदा सोडून अनेकदा झाले. शेवटी प्रेसिडिओच्या लष्करी हद्दीतल्या एका वारा झोडपणाऱ्या कोपऱ्यात ती गेली. बऱ्याच जणांनी तो नाद सोडून खाडीपलीकडचे ओकलंड गाठले. मागे राहिलेल्या राखेत बघे लोक आणि बंदोबस्तावरचे शिपाई चिनी दुकानदारांच्या वस्तू वेचत हिंडत होते.

मृतांच्या गणतीतही हेच झाले. अधिकृत आकडा ५०० च्या आत थांबला होता. शहराच्या ग्रंथालयातील ग्लॅडिस हॅन्सन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षानुवर्षे नावे जमवली, तेव्हा खरी संख्या ३ हजारांच्या वर असल्याचे दिसून आले. जुन्या यादीत चिनी नावे जवळजवळ नव्हतीच. १९०० च्या जनगणनेत शहरात सुमारे १४ हजार चिनी होते आणि ते सर्वांत दाट वस्तीत राहत होते, हे लक्षात घेतले की ही यादी किती अपुरी होती ते कळते.

या संधीचा फायदा घेऊन चायनाटाउन शहराच्या मध्यातून हलवून दक्षिणेच्या हंटर्स पॉइंटला न्यावे, असा घाट शहराच्या पुढाऱ्यांनी घातला. चिनी व्यापारी आणि चीनच्या वकिलातीने तो हाणून पाडला. आमचे दूतावास-कार्यालय होते त्याच जागी पुन्हा उभे राहील, असे वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी गव्हर्नरला सरळ सांगितले. व्यापाऱ्यांनी सिएटल किंवा पोर्टलंडला निघून जाण्याची भाषा केली आणि पौर्वात्य व्यापाराची जकात बुडेल हे शहराला उमगले. चायनाटाउन जुन्या जागीच, मुद्दाम पौर्वात्य धाटणीची छपरे चढवून, नव्याने बांधले गेले. संघटित वस्तीला पुनर्वसनात आपला शब्द राखता येतो, याचा हा पहिला ठळक दाखला.

आगीने आणखी एक गोष्ट केली. नगरभवनातल्या जन्माच्या नोंदी जळाल्या. आता कोणताही चिनी माणूस आपला जन्म इथलाच असल्याचे शपथेवर सांगू शकत होता आणि ते खोटे ठरवणारा कागद सरकारजवळ उरला नव्हता. असा नागरिक झालेला माणूस चीनला जाऊन आला की तिकडे मुलगा झाल्याचे नोंदवी. ती जागा मग पुतण्याला, शेजाऱ्याच्या मुलाला किंवा पैसे मोजणाऱ्या परक्याला मिळे. मुलाच्या वयाच्या दर वर्षामागे साधारण १०० डॉलर असा भाव होता. यांनाच पुढे 'कागदी मुलगे' म्हणू लागले. त्यांना पकडण्यासाठी १९१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंडवर तपासणी ठाणे उघडले. तिथे उमेदवाराला विचारले जाई : तुमच्या घराच्या दारापासून विहीर किती पावलांवर, तांदळाचे कोठार कुठल्या खोलीत, शेजारच्या तिसऱ्या घरात कोण राहते, आजीचे पाय बांधलेले होते का. ही उत्तरे बोटीवरच तोंडपाठ करायची आणि बंदर दिसू लागले की चिठ्ठ्या समुद्रात फेकायच्या, असा रिवाज पडला होता. बाप आणि 'मुलगा' यांच्या जबान्यांत फरक पडला तर परतीची बोट. तपास आठवडे, महिने, कधी वर्षभराहून अधिक चाले. १९४० साली ठाण्याची मुख्य इमारत आगीत जळाली तेव्हा ते बंद झाले. प्रवेशबंदीचा कायदा १९४३ साली उठला, तरी खोट्या नावांचे ओझे उतरले नाही. १९५६ ते १९६५ या काळात सरकारने कबुलीजबाबाची योजना चालवली, तीत जवळजवळ १४ हजार चिन्यांनी आपले खरे नाव सांगितले. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका भूकंपाचा हिशेब तोवर चालू होता.

दरम्यान शेतमजुरीत चिन्यांची जागा मेक्सिकन माणसांनी घेतली होती. सीमेवर गस्तीदल स्थापन झाले ते १९२४ साली. तोवर आणि त्यानंतरही काही काळ हंगामाला येणे आणि हंगाम सरला की परतणे हा रोजचा मामला होता. प्रवेशकर आणि साक्षरतेची परीक्षा चुकवून बरेच जण नुसते नदी ओलांडून येत. मळेमालकांना त्यात अडचण नव्हती, त्यांना हात हवे होते.

लॉस एंजेलिस शहराच्या पाण्यासाठी विल्यम मलहॉलंड यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीला तीन मिनिटे कमी असताना फुटले. त्याच दिवशी सकाळी मलहॉलंड स्वतः गळती पाहून, काळजीचे कारण नाही असे सांगून गेले होते. पाण्याचा लोंढा सांता क्लारा नदीच्या खोऱ्यातून सुमारे ५४ मैल धावत पहाटे साडेपाचच्या सुमारास व्हेंचुराजवळ समुद्राला मिळाला. सांता पॉला गावात टेलिफोन ऑपरेटर मुलींनी जागेवरून न हलता घरोघर फोन लावले आणि दोन पोलिसांनी मोटारसायकलवरून दारे ठोठावली. त्यांनी शेकडो जीव वाचवले यात शंका नाही. पण फोन होता तो घरात. नदीकाठच्या संत्र्यालिंबांच्या बागांत तंबू आणि पालांत राहणाऱ्या मेक्सिकन मजुरांकडे तो कुठला असणार? मृतांची संख्या ४०० च्या वर मानली जाते, आणि ती कधीच पक्की झाली नाही. कोण कुठल्या पालात झोपत होते याची नोंद मुकादमाच्या डोक्यात होती, आणि मुकादमही वाहून गेला असेल तर तीही गेली. कित्येक देह समुद्राला मिळाले. त्यानंतर अनेक वर्षे खोऱ्यात सांगाडे सापडत राहिले.

मंदी आली आणि मजुरांची गरज संपली. लॉस एंजेलिस परगण्याच्या मदत-कार्यालयाने १९३१ च्या मार्चपासून मेक्सिकन कुटुंबांना आगगाड्यांत बसवून सीमेपार पाठवायला सुरुवात केली. तिकिटाचा खर्च परगण्याने केला, कारण मदतीवर पोसण्यापेक्षा तिकीट स्वस्त पडत होते. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी शहराच्या जुन्या चौकात, ला प्लासितात, चारी बाजूंनी माणसे उभी करून सुमारे ४०० जणांना अडवून कागद तपासले गेले. १९३० च्या दशकात देशभरातून किती गेले याचे अंदाज ४ लाखांपासून १० लाखांच्या पुढेपर्यंत आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे नागरिक होते, असे अभ्यासक मानतात. कॅलिफोर्नियाने २००५ साली कायदा करून याबद्दल माफी मागितली. या प्रकरणाने एक गोष्ट समाजाच्या आठवणीत कायमची कोरली : मदत मागायला ज्या खिडकीवर जावे, त्याच खिडकीवर हद्दपारीची यादी तयार होते. आजी-आजोबांकडून ऐकलेली ही गोष्ट पुढच्या दोन पिढ्यांनी निवाऱ्याच्या दारात उभे राहून आठवली आहे. तिला निव्वळ गैरसमज म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या महायुद्धात हात पुन्हा कमी पडले. १९४२ ते १९६४ पर्यंत सरकारी करारावर लाखो मेक्सिकन मजूर आणले गेले. करार संपला, पण मळे आणि माणसे यांचे नाते संपले नाही, फक्त ते कागदाबाहेर गेले. १९६५ च्या कायद्याने अमेरिका खंडातून येणाऱ्यांवरही प्रथमच संख्येची मर्यादा घातली आणि कालचा हंगामी मजूर आज बेकायदा ठरला. १९८६ साली सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, पण पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी काहीच व्यवस्था नव्हती.

लोमा प्रिएताचा भूकंप १७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी झाला. त्यात ६३ माणसे दगावली. वृत्तपत्रांनी सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या कोसळलेल्या पुलांची छायाचित्रे छापली. केंद्रबिंदूजवळ मात्र वॉटसनव्हिल हे शेती आणि डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांचे गाव होते. गावाची निम्म्याहून जास्त वस्ती स्पॅनिश बोलणारी, तर मदतीची यंत्रणा जवळपास सगळी इंग्रजी. सरकारी निवारे उघडले, खाटा मांडल्या, आणि त्या बऱ्याच अंशी रिकाम्या राहिल्या. माणसे गावातल्या कॅलाहन पार्कमध्ये चादरी आणि प्लॅस्टिकचे कागद बांधून राहू लागली. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. खरे पाहता लोकांजवळ सबळ कारणे होती. चारच वर्षांपूर्वी, १९ सप्टेंबर १९८५ ला, मेक्सिको सिटीत मोठा भूकंप होऊन गेला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोराचा धक्का बसला होता आणि तग धरलेल्या इमारतीही पडल्या होत्या. ज्याने ते पाहिले किंवा घरच्यांकडून ऐकले, तो हादरे चालू असताना छताखाली झोपणार नाही. शिवाय एक निवारा लष्कराच्या शस्त्रागाराच्या इमारतीत होता आणि दारावर गणवेशातला जवान उभा. मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळून आलेल्याला किंवा कागद नसलेल्याला गणवेशाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा मोकळ्या पार्कातच अन्न, पाणी, संडास आणि दुभाषे आणण्यासाठी वस्तीतल्या लोकांनी आवाज उठवला. गावात लॅटिनोंचे प्रतिनिधित्व नगण्य होते आणि नगरपरिषदेची निवडणूकपद्धत त्यांची मते पातळ करते, असा निकाल केंद्रीय न्यायालयाने भूकंपाच्या आदल्या वर्षीच दिला होता. पूर्वतयारीचा आराखडा टेबलावर ठरत असताना त्या टेबलाशी कोण बसले होते, हे या निकालातून कळते. पुढे आपत्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी वॉटसनव्हिलचा दाखला वारंवार दिला तो यामुळेच.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला, आणि या वेळी वाद मदतीच्या पैशावरच पेटला. काँग्रेसने पुनर्वसनासाठी अब्जावधी डॉलर मंजूर केले, पण विनाकागद माणसांना तातडीच्या मदतीपलीकडे त्यातले काही मिळू नये अशी अट घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शाळा आणि दवाखाने विनाकागद माणसांना बंद करणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. न्यायालयाने तो बहुतांशी रोखला. १९९६ च्या कल्याण योजनांविषयीच्या कायद्याने देशभरासाठी जी रेघ ओढली ती आजही कायम आहे : अल्पकाळची, रोख रकमेखेरीजची तातडीची मदत, म्हणजे अन्न, पाणी, निवारा, औषध, हे सर्वांना. घरदुरुस्तीचे किंवा भाड्याचे पैसे मात्र फक्त नागरिकांना आणि ठरावीक दर्जा असलेल्या स्थलांतरितांना. घरात अमेरिकेत जन्मलेले एक मूल असले तर त्याच्या नावे अर्ज करता येतो. कागदावर ही सोय माणुसकीची दिसते. पण अर्जावर कुटुंबाचा पत्ता येतो, आणि ती माहिती पुढे कुठे जाईल याची हमी अर्जदाराला कोणी देत नाही.

ही भीती १ मार्च २००३ नंतर अधिकच रास्त ठरली. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर होमलँड सिक्युरिटी हे नवे खाते उभे राहिले. केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे फेमा, १९७९ पासून स्वतंत्र होती. ती या खात्यात आली. सीमा गस्तीदल आणि हद्दपारीची अंमलबजावणी करणारी यंत्रणाही त्याच खात्यात. पाण्याची बाटली देणारा आणि बेडी घालणारा यांचे वरिष्ठ एकच झाले. प्रशासनाच्या सोयीने घेतलेला हा निर्णय विनाकागद माणसाच्या दृष्टीने सर्वांत घातक होता, कारण त्यानंतर कोणत्याही अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला वजन उरले नाही.

कॅलिफोर्नियाबाहेरचे एक प्रकरण इथे सांगायलाच हवे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडवल्यावर सरकारने मजुरांचे कागद न तपासणाऱ्या मालकांवरची कारवाई ४५ दिवस थांबवली. शहराची साफसफाई आणि छपरांचे काम करायला हजारो लॅटिनो मजूर आले. टुलेन आणि बर्कली या विद्यापीठांच्या पाहणीनुसार बांधकामावरच्या मजुरांपैकी सुमारे चौथा हिस्सा विनाकागद होता. त्याच लाटेत सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर मिसिसिपी आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर एका जहाजदुरुस्ती कंपनीत पोहोचले. त्यांची भरती मुंबईतल्या एका एजंटामार्फत झाली होती. घरदार गहाण टाकून प्रत्येकाने १० ते २० हजार डॉलर मोजले होते, ग्रीनकार्डाच्या आशेने. हाती आला तो एकाच मालकाशी बांधलेला तात्पुरता व्हिसा. एकेका खोलीत २४ जण आणि महिन्याला १,०५० डॉलर राहण्याखाण्याची कपात. २००८ च्या मार्चमध्ये त्यांतल्या बऱ्याच जणांनी काम सोडले, आणि मालक सोडला त्या क्षणी त्यांचा व्हिसाचा आधारही गेला. रीतसर कागद घेऊन आलेला माणूस किती सहज विनाकागद होतो हे त्यातून दिसले. २०१५ साली ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई ठरवली.

कॅटरिनात उघड्या पडलेल्या त्रुटी पाहून २००६ साली आपत्ती-कायद्यात भेदभावबंदीच्या यादीत इंग्रजी न येणाऱ्यांचा समावेश झाला. त्याचा अंमल जमिनीवर किती झाला हे वर्षभरातच सॅन डिएगोने दाखवले. २००७ च्या ऑक्टोबरात वणव्यांमुळे लाखो लोक घराबाहेर पडले. क्वालकॉम स्टेडियमवर मोठा निवारा होता. तिथून जास्तीचे सामान नेल्याच्या संशयावरून एका मेक्सिकन कुटुंबाला पोलिसांनी धरले आणि सीमा गस्तीदलाच्या ताब्यात दिले. बातमी दुसऱ्या दिवशी प्रत्येक मळ्यावर पोहोचली. सीमेजवळच्या डोंगरात चार जळालेले देह सापडले, ती रानातून सीमा ओलांडून आलेली माणसे असावीत असे मानले गेले.

सोनोमा परगण्यातली ८ ऑक्टोबर २०१७ ची रात्र या सगळ्या इतिहासाचा कस पाहणारी ठरली. कोरड्या वाऱ्याने भडकलेला टब्स वणवा काही तासांत सांता रोझा शहरात शिरला. त्यात २२ माणसे मेली आणि ५ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. परिसरातल्या सर्व मोबाइलवर एकदम वाजणारा इशारा देण्याची सोय हाताशी असूनही, लोकांत घबराट होईल म्हणून परगण्याने तो दिला नाही. ज्यांनी आधी नाव नोंदवले होते त्यांनाच संदेश गेले. नाव न नोंदवणे हीच ज्यांची जगण्याची रीत, त्यांच्यापर्यंत काय पोहोचणार? स्पॅनिशमधली खबर मिळाली ती प्रामुख्याने केबीबीएफ या छोट्या समाजचालित रेडिओ केंद्रावरून. निवेदक अहोरात्र कोणता रस्ता उघडा, कोणत्या निवाऱ्यात कागद विचारत नाहीत, हे सांगत राहिले. तरीही अनेक कुटुंबे निवारे टाळून समुद्रकिनारी गाडीत झोपली. त्यातच वणवा एका विनाकागद माणसाने लावल्याची अफवा पसरली आणि शेरीफला ती जाहीरपणे खोडून काढावी लागली. २०१९ साली चौकशीत आगीचे कारण एका खासगी मालमत्तेवरची विजेची यंत्रणा असल्याचे निष्पन्न झाले. फेमाचा पैसा ज्यांना मिळणार नव्हता त्यांच्यासाठी मजूर-केंद्र आणि कामगार संघटनांनी मिळून 'अनडॉक्युफंड' हा निधी उभारला. लोकवर्गणीतून सुमारे ६० लाख डॉलर जमले आणि अर्जदाराचे कागद न मागता वाटले गेले.

दोनच महिन्यांनी दक्षिणेत व्हेंचुराजवळ थॉमस वणवा लागला. ऑक्सनार्डच्या सपाटीवर त्या वेळी स्ट्रॉबेरीचा हंगाम होता. हे काम दिवसभर कमरेत वाकून करायचे. आकाश तांबूस, फळांवर राखेचा थर, आणि मजूर डोक्याला गुंडाळलेल्या रुमालातून श्वास घेत खोकी भरत होते. घरी थांबले तर रोज बुडतो, बेकारीभत्त्याचा हक्क नाही. कार्यकर्त्यांनी शेताच्या बांधावर जाऊन मुखपट्ट्या वाटल्या. इथे भाषेचा प्रश्न स्पॅनिशच्याही पुढचा होता. यांतले बरेच मजूर दक्षिण मेक्सिकोच्या वाहाका राज्यातले आदिवासी. घरात मिक्स्टेको, झापोटेको किंवा त्रिकी बोलणारे, आणि या भाषा प्रामुख्याने तोंडी चालणाऱ्या. स्पॅनिशमध्ये छापलेले पत्रकही त्यांच्या उपयोगाचे नव्हते. ऑक्सनार्डच्या मिक्स्टेको संघटनेच्या 'रेडिओ इंडिखेना' केंद्राने त्यांच्या बोलीत माहिती दिली. संशोधक मायकेल मेंडेझ आणि सहकाऱ्यांनी पुढे या आपत्तीचा अभ्यास करून दाखवले की, ज्या संस्थांना सरकारने कधी आपत्ती-यंत्रणेचा भाग मानले नव्हते, त्यांनीच ती पोकळी भरून काढली.

यानंतर राज्याने काही गोष्टी मनावर घेतल्या. २०१९ च्या जुलैपासून धुराचे प्रमाण ठरावीक निर्देशांकाच्या, म्हणजे १५१ किंवा त्याच्या वर गेले की उघड्यावर काम करणाऱ्यांना मुखपट्ट्या देणे मालकांवर बंधनकारक झाले. आपत्ती-आराखड्यात वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींच्या समाजांना सामील करून घेण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. डिसेंबरमध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी सोनोमा, व्हेंचुरा आणि ब्यूट या परगण्यांचे आराखडे तपासून, दुर्बल रहिवाशांच्या रक्षणासाठी ते अपुरे असल्याचा स्पष्ट अहवाल दिला. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या काळात राज्याने देणगीदारांच्या साहाय्याने १२.५ कोटी डॉलर बाजूला काढले आणि केंद्राच्या मदतीतून वगळलेल्या विनाकागद प्रौढांना प्रत्येकी ५०० डॉलर दिले. रक्कम तुटपुंजी, पण राज्याच्या तिजोरीतून कागदाविना मदत देता येते हे सिद्ध झाले. उलट बाजूही होती. २०२० च्या वणव्यांत सोनोमात रहिवाशांना बाहेर काढलेल्या भागात खास परवाने देऊन द्राक्षतोडणीसाठी मजूर आत पाठवले गेले. घरमालकाला ज्या रस्त्यावरून परत फिरवले जात होते, त्याच रस्त्याने तोडणीची टोळी मळ्यात जात होती. मजूर संघटनांनी जोखीमभत्ता आणि स्वभाषेतले सुरक्षा-प्रशिक्षण यांची मागणी लावून धरली ती यातूनच.

११ मार्च २०२३ ला वॉटसनव्हिलच्या अगदी पलीकडच्या काठावर पहारो नदीचा बांध फुटला आणि शेतमजुरांचे पहारो गाव पाण्याखाली गेले. सुमारे ३ हजार वस्तीच्या या गावाचा बांध १९४९ सालचा. तो कमकुवत असल्याचे लष्कराच्या अभियंत्यांना अनेक दशके ठाऊक होते आणि १९९५ च्या पुरात त्याने दगाही दिला होता. दुरुस्ती रखडली, कारण खर्च आणि लाभाचा ताळा मांडताना लाभ म्हणून वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत धरली जाते, आणि मजुरांच्या घरांची किंमत ती किती? हा हिशेब वर्षानुवर्षे कोणाला खटकला नाही ही शरमेची गोष्ट आहे. पूरग्रस्तांसाठी वॉटसनव्हिलच्या जत्रामैदानावर निवारा उघडला. राज्याने पहारोसाठी २ कोटी डॉलर मंजूर केले, आणि त्या वर्षीच्या वादळांत सापडलेल्या, केंद्राच्या मदतीला अपात्र असलेल्या स्थलांतरितांसाठी ९.५ कोटींची वेगळी योजना आखली. तीत प्रत्येक प्रौढाला १,५०० आणि एका घराला जास्तीत जास्त ४,५०० डॉलर अशी मर्यादा होती.

केंद्राचे धोरण मात्र सरकारागणिक फिरत राहिले. शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळांत धरपकड टाळावी, अशी सूचना २०११ पासून होती. २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने त्यात प्रथमच आपत्तिनिवारे आणि मदतकेंद्रे स्पष्टपणे घातली. २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारने हा आदेश रद्द केला. त्याच महिन्यात ७ तारखेला लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे पेटले होते. पॅसाडेनाच्या रोजंदारी मजूर-केंद्रातून पिवळी जाकिटे आणि मुखपट्ट्या चढवलेल्या तुकड्या रस्त्यांवरची पडलेली झाडे आणि जळका राडारोडा उचलायला स्वेच्छेने निघाल्या. जूनपासून लॉस एंजेलिसमध्ये मजूर जमतात त्या नाक्यांवर धाडी सुरू झाल्या. दरम्यान, एप्रिलमध्ये राष्ट्रीय हवामान सेवेचे इशारे स्पॅनिश आणि इतर भाषांत करण्याचे काम कंत्राट संपल्याने काही आठवडे बंद पडले आणि नंतर पुन्हा चालू झाले. १९९६ ची रेघ तशीच आहे : ताटभर अन्न आणि रात्रीची खाट सर्वांना, घर पुन्हा उभारण्याचा पैसा मोजक्यांना. मधली जागा कॅलिफोर्नियात राज्याची तिजोरी आणि मजूर-केंद्रे, रेडिओ केंद्रे, चर्च, लोकवर्गणीचे निधी मिळून भरतात. इतर बहुतेक राज्यांत ती केवळ या संस्थांवर, जिथे त्या आहेत तिथे, अवलंबून आहे.